कणेरी मठातलं सिमेंटचं गाव आणि सुताराच्या नजरेनं फिरलेला एक दिवस

कोल्हापूरला जाणाऱ्या पाहुण्यांची लिस्ट ठरलेली असते. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, ज्योतिबा, तांबडा-पांढरा, आणि मग वेळ उरलाच तर कणेरी मठ. वेळ कधीच उरत नाही, उरला तरी तो चपला घेण्यात जातो. माझं माहेर त्याच जिल्ह्यातलं आणि तरी कणेरी मठातलं ते गाव मी आत्ता आत्तापर्यंत नीट बघितलं नव्हतं, शाळेच्या सहलीच्या वयात तर ते बांधलेलंच नव्हतं. यावेळी दिवाळीच्या सुट्टीत ठरवून गेलो. मी, नवरा, आमचं दहा वर्षांचं चिरंजीव, आई आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, आणि ही पोस्ट बरीचशी त्यांच्यामुळेच लिहितेय कारण ते नसते तर मी पण दोन तासात सेल्फी काढून बाहेर आले असते.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूरपासून बारा-पंधरा किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू हायवेवर गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला आत वळलं की कणेरी गावाजवळच्या टेकाडावर सिद्धगिरी मठ लागतो. काडसिद्धेश्वरांचा मठ, जुनं महादेवाचं देऊळ, वर प्रचंड मोठी शंकराची मूर्ती जी लांबूनच दिसते. सध्याचे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी, त्यांच्या कल्पनेतून हे ग्रामजीवन म्युझियम उभं राहिलं. कल्पना अशी की गांधीजी म्हणायचे ते स्वयंपूर्ण खेडं कसं होतं, बारा बलुतेदार अठरा अलुतेदार काय काय करायचे, ते सगळं उघड्यावर, झाडांखाली, खऱ्या आकाराचे पुतळे करून मांडायचं. सात-आठ एकरांत साधारण ८० देखावे आणि ३०० च्या आसपास पुतळे आहेत. नेटवर बरेच जण वॅक्स म्युझियम म्हणून लिहितात पण मेण वगैरे काही नाही हो, सिमेंटचे आहेत, कोल्हापूरच्या उन्हात आणि त्या पावसात मेणाचा पुतळा एक वर्ष तरी टिकेल का.

सुरुवातीला एक गुहेसारखा भाग आहे, त्यात ऋषीमुनी. पाणिनी, कणाद, सुश्रुत, चरक अशी मंडळी आणि प्रत्येकाने काय काय केलं त्याची माहिती. पोरांना आवडतो कारण अंधार आहे. मला विशेष काही वाटलं नाही, पाठ्यपुस्तकाचा धडा चालत वाचल्यासारखं. अण्णा तर तिथून जवळजवळ पळतच बाहेर आले.

बाहेर आलं की मात्र एकदम गाव. शेत, विहीर, वाडा, देऊळ, पार, बाजार, तालीम, आणि माणसं. पुतळे बघताना पहिल्या पाच मिनिटात एक गोष्ट लक्षात येते की चेहरे. चेहरे आमच्याकडचेच आहेत. म्हणजे कॅलेंडरवरचे गोरेगुलाबी शेतकरी नाहीत, गालफडं बसलेली म्हातारी, पोट थोडं सुटलेला दुकानदार, दाढी वाढलेला धनगर, मानेच्या शिरा, पायाच्या भेगा. आई एका म्हातारीच्या पुतळ्यासमोर उभी राहून म्हणाली "ही आमची आत्तीच की गं, अशीच बसायची."

आता अण्णांबद्दल सांगते म्हणजे पुढचं कळेल. आम्ही सुतार. माझे आजोबा गावचे सुतार, बलुत्यातले. अण्णा त्यांच्या हाताखाली वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून, आणि नंतर विशीत कोल्हापूरला येऊन एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचा साचा ज्यावरून करतात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न) लागले ते तिथूनच रिटायर झाले. कोल्हापुरात फौंड्र्या वाढल्या तेव्हा लाकडाचे पॅटर्न करायला हात लागत होते, आणि ते हात गावोगावच्या सुतारांच्या घरातून आले, हे फारसं कुणी लिहीत नाही. नांगर-कुळव करणारा माणूस एकदम ऑइल इंजिनच्या पार्टचे पॅटर्न करायला लागला. असो, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तर सुताराचा देखावा आला आणि अण्णा थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वाकून बघायला लागले. पुतळ्याने बसून पायाने लाकूड धरलंय आणि हातात वाकस आहे. वाकस म्हणजे आडव्या पात्याचं हत्यार, कुऱ्हाडीचं पातं आडवं बसवलं तर जसं दिसेल तसं, त्याने लाकूड तासतात आणि घाव स्वतःच्या दिशेने येतो. अण्णा म्हणाले, "पाय बरोबर धरलाय. करणाऱ्यानं सुतार बघून केलाय, फोटो बघून न्हाई." मी विचारलं कशावरून. तर म्हणाले अंगठा बघ. लाकूड टाचेनं दाबायचं आणि अंगठा आत ओढून घ्यायचा, नाहीतर वाकस सटकली की पहिला अंगठाच जातो. आणि मग स्वतःच्या डाव्या पायाचा अंगठा दाखवला, त्यावरचा व्रण मी लहानपणापासून बघतेय पण तो कशाने झाला हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी नातवाची शिकवणी घेतली. पटाशी, रंधा, करवत, गिरमिट, सामता, गुण्या, ओळंबा. सामता हा प्रकार मला पण माहिती नव्हता, धनुष्यासारख्या काठीला दोरी, ती दोरी एका उभ्या दांड्याला वेढा देऊन मागे पुढे ओढायची की खालचं टोक गरगर फिरून लाकडात भोक पाडतं, वीज नाही काही नाही. चिरंजीवांनी विचारलं "मग ड्रिल मशीन का नाही घेतलं?" अण्णा म्हणाले "ह्येच ड्रिल मशीन हाय लेका."

खरी मजा पुढे बैलगाडीपाशी आली. आपल्याला बैलगाडी म्हणजे बैलगाडी, फोटोला बरी. अण्णांनी चाकाकडे बोट दाखवून सुरू केलं आणि मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, त्यामुळे पुढचं बऱ्यापैकी त्यांच्याच शब्दात आहे. मधला जाड गोळा तो तुंबा, तो बाभळीचा, कारण बाभळ चिवट असते आणि फाटत नाही. तुंब्यात आरे ठोकायचे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर वाकडे तुकडे बसवायचे, त्याला पुठं म्हणायचं, एका पुठ्यात दोन आरे, म्हणजे बारा आरे असले तर सहा पुठी. आणि हे सगळं बसवताना खिळा एकही नाही. नुसते सांधे. मग हे चाक फिरलं की खिळखिळं होत नाही का? इथे लोहार येतो. लोखंडाची पट्टी वाकवून गोल करायची, तिला धाव म्हणतात, आणि ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. किती लहान हा अंदाज लोहाराचा, तिथेच त्याची किंमत. मग शेणी गोल रचून त्यात ती धाव लालभडक तापवायची, तापली की ती वाढते, तिघा-चौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची, लाकूड पेट घ्यायला लागतं, धूर नुसता, आणि तेवढ्यात घागरी घेऊन उभ्या असलेल्यांनी भसाभसा पाणी ओतायचं. धाव गार होऊन आक्रसते आणि सगळे सांधे कडकड आवाज करत आत दाबले जातात. अण्णा म्हणतात तो आवाज आला की आजोबा विडी पेटवायचे, काम झालं म्हणून.

आणि मग ते जे म्हणाले ते मला फार भारी वाटलं. म्हणाले, "फौंड्रीत आलो तवा सायेब मला शिकवाय लागला, बीड गार हुताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा. मी म्हटलं मला म्हाईत हाय." बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग गार होताना साधारण एक टक्का लहान होतं, त्यामुळे पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात, पॅटर्नवाल्यांची पट्टी सुद्धा वेगळी असते, तिच्यावरचे सेंटीमीटर मुळातच थोडे मोठे आखलेले असतात. म्हणजे गावात धाव आक्रसण्याचा फायदा घ्यायचा आणि शहरात आक्रसण्याची भरपाई करायची, गणित तेच. मी इंजिनिअरिंग केलंय, थर्मल एक्सपान्शनवर परीक्षेत मार्क मिळवलेत आणि हे कनेक्शन मला बापाने सिमेंटच्या बैलगाडीसमोर उभं राहून सांगितलं.

यात जवळजवळ पाऊण तास गेला. आई तोवर एका झाडाखाली कट्टा पकडून बसली होती. "तुम्ही जावा, मी बसतो हितं सावलीला." पण जात्याचा देखावा आला तेव्हा तीही उठली. दोन बायका समोरासमोर बसून खुंटा धरून दळतायत. आईचं म्हणणं पुतळे छान आहेत पण साड्या लैच नीटनेटक्या. पहाटे चारला उठून दळायचं तर केसाचा पत्ता नसायचा, पीठ पापण्यांवर बसायचं आणि दुसरी बाई म्हणजे जाऊ नाहीतर नणंद, कालचं भांडण झालेलं असलं तरी खुंटा दोघींनी मिळूनच ओढायचा. हे ऐकून मी बराच वेळ हसत होते. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड यायला लागतं, मग "जात्याला टाकीऽऽ" म्हणत गल्लीतून जाणाऱ्या वडारणीला बोलवायचं, ती छिन्नीने दगडाला परत खरवड करून द्यायची, पैसे नाहीतर पसाभर धान्य. ओव्या म्हणशील का म्हटलं तर नाही म्हणाली, लोकं बघतायत म्हणे. लोकं म्हणजे पुतळेच होते सगळे.

विहिरीवरची मोट. इथे परत अण्णा. चामड्याची मोट, वरचा जाड दोर तो नाडा, खालचा बारीक तो सोंदूर. बैल उताराच्या वाटेवरून (तिलाही धावच म्हणतात) खाली जातात तशी मोट वर येते, सोंदूर ताणला की सोंड उघडते आणि पाणी थारोळ्यात पडून पाटात जातं. मग बैल वळत नाहीत, तसेच मागे मागे चालत वर येतात. हे मागे चालणं बैलाला शिकवावं लागतं आणि ते शिकलेल्या बैलाला बाजारात भाव जास्त. आता एका मोटेमागे किती जण होते बघा. चाक आणि कणा सुताराचा, लोखंड लोहाराचं, कातडं ढोराने कमावलेलं आणि चांभाराने शिवलेलं, नाडा मांगाने वळलेला. यातला एक जरी रुसला तरी शेत वाळलं. मला वाटतं अख्ख्या म्युझियमची आयडिया समजून घ्यायची असेल तर या एका देखाव्यासमोर उभं राहावं, बाकीचं नाही बघितलं तरी चालेल.

बाकीचं भराभर सांगते. कुंभार आहे, चाकावरचं मडकं आधी जाड आणि लहानच असतं, मग आतून दगडी गुंडा धरून बाहेरून फळीने थापत थापत ते मोठं करतात, हे मला तिथे गेल्यावरच कळलं, मला वाटायचं चाकावरूनच तेवढं मोठं उतरतं. तेल्याचा घाणा, बैलाच्या डोळ्यांना झापड. कल्हईवाला, नवसागराचा तो नाकात जाणारा वास आठवला एकदम. धनगर आणि मेंढरं. आमच्याकडे अजूनही सुगी संपली की शेतात मेंढरं बसवतात, रात्रभर कळप रानात ठेवायचा, लेंड्या-मुताचं खत होतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. आता पैसेच. न्हावी, परीट, गुरव, सोनार, कासार, वासुदेव, पिंगळा, शाळेचे पंतोजी, सावकार, वैदू. तालीम आहे, कोल्हापुरात असून नसती तर दंगल झाली असती. चांभाराच्या देखाव्यापाशी एक कॉलेजचा ग्रुप त्या प्राडाच्या, म्हणजे इटलीच्या फॅशन ब्रँडच्या, प्रकरणावर जोक मारत होता. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही तो किस्सा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पोरं जोक मारत होती पण फोटोसुद्धा त्याच देखाव्याचे जास्त काढत होती.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसले. चिरंजीवांनी मध्येच विचारलं "आई, हे सगळे एकमेकांना पैसे कुठे देतायत?" आणि खरंच की, अख्ख्या गावात देवघेव चाललीय पण पैशाचा व्यवहार फक्त बाजारात आणि सावकारापाशी. मी त्याला बलुतं समजावून सांगायला लागले, की बाबा वर्षभर सुताराने शेतकऱ्याची औतं दुरुस्त करायची आणि सुगीला शेतकऱ्याने त्याला धान्य द्यायचं, किती छान ना, कॅशलेस. अण्णा मागे उभे होते. म्हणाले, "छान? कोण म्हटलं?"

मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं. सुगीत मळणी झाली की आजोबा पोतं घेऊन खळ्यावर जायचे. आपलं हक्काचं आणायला, भीक मागायला नाही. पण खळ्यावर मालक आधी आपली रास करणार, मग देवाचं काढणार, मग बलुतेदार. कुणी भरून द्यायचं, कुणी पाखडलेलं हलकं खालचं धान्य द्यायचं, कुणी "औंदा पीक बसलंय, पुढल्या साली बघू." आणि पुढच्या साली नाही दिलं तरी पेरणीच्या तोंडावर त्याची कुरी मोडली तर दुरुस्त करायलाच लागायची, कारण नाही म्हटलं तर गाव नावं ठेवणार. नवीन गाडी केली तर वेगळे पैसे, पण औताची दुरुस्ती सगळी बलुत्यात. दुष्काळ पडला की शेतकऱ्याच्या आधी बलुतेदाराची चूल विझायची. आणि अण्णा म्हणाले, "आमचं तरी बरं हुतं." सुतार-लोहार शेतीला रोज लागणारे म्हणून बलुत्याच्या वरच्या ओळीत, आम्हाला वाटा जास्त, मान जास्त, गावात घर. ज्यांची घरं गावकुसाबाहेर, ज्यांना मेलेली ढोरं ओढायला लागायची, रात्री-अपरात्री पाटलाचा निरोप घेऊन पळायला लागायचं, त्यांनी हे गाव बघितलं तर त्यांना ते असं हसरं दिसेल का?

मला यात म्युझियमवर टीका करायची नाहीये, किंवा थोडी करायची आहे पण ती त्या एका म्युझियमवर नाही. पुतळ्यात काम दाखवता येतं. हात, हत्यार, बसण्याची ढब, हे सगळं इतकं सुंदर दाखवता येतं की सुताराला अंगठा ओळखू येतो. पण खळ्यावर ताटकळत उभं राहणं कसं दाखवणार? पुढच्या साली बघू याचा पुतळा कसा करणार? त्यामुळे कुठलंही असं गाव बांधलं की ते आपोआप गोड होतं, बांधणाऱ्याने ठरवलं नसलं तरी. आणि आपण शहरातून जाणारी माणसं तो गोडवा घेऊन "किती सुखी होते ना लोक" म्हणत परत येतो, मी तेच करत होते की.

आणि हे सगळं ज्या जिल्ह्यात उभं आहे तो शाहू महाराजांचा जिल्हा आहे. १९१८ मध्ये महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतनं बंद करून त्या जमिनी लोकांच्या नावावर रयतावा करून दिल्या, म्हणजे जमीन तुझी, पण तिच्यासाठी गावाची वेठ करायची नाही. त्याच सुमाराला कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी आणले. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बिल मांडलं, आणि शेवटी १९५८ मध्ये मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करण्याचा कायदा केला. म्हणजे ही व्यवस्था मोडावी म्हणून माणसं चाळीस वर्षं झगडली. स्वयंपूर्ण खेड्यातली मोट जितकी खरी तितकंच हेही खरं, आणि पोराला मोट दाखवली की हेही सांगायला पाहिजे, कणेरीतून परत येताना गाडीत मी तेच सांगत होते आणि तो झोपून गेला होता.

बरं नुसत्या कायद्याने बलुतं गेलं असंही नाही. अण्णांच्या मते सुताराला कुणी मारलं तर किर्लोस्करांनी. हे ते हसत हसत म्हणतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर करायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आता ती सांगली जिल्ह्यात. सुरुवातीला शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते, विष चढतं, पण एकदा घेतला की तो नांगर वर्षानुवर्षं मोडेना आणि मोडला तर त्याचा पार्ट मिळायचा. मग लाकडी नांगर कशाला आणि सुतार तरी कशाला. पुढे ऑइल इंजिन आली आणि मोट गेली, मोटेबरोबर चांभाराचं आणि मांगाचं काम गेलं, मग ऊस, मग ट्रॅक्टर. आमचे आजोबा शेवटी शेवटी खिडक्या-दारंच करायचे. आणि त्यांचा मुलगा पॅटर्न शॉपमध्ये, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार. मी अण्णांना विचारलं की परत तसं गाव पाहिजे का तुम्हाला, तर म्हणाले वाकस पाहिजे, ती कुठल्या तरी लोहाराकडून करून घेऊया, गाव राहू दे.

वाकस खरंच शोधतोय आम्ही, कुणाकडे जुनी असेल तर सांगा.

खऱ्या हत्यारांवरून आठवलं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा उघड्यावरच्या म्युझियमांपैकी एक म्हणजे स्टॉकहोमचं स्कान्सेन, १८९१ मध्ये आर्टुर हाझेलियस नावाच्या माणसाने सुरू केलं. त्याने स्वीडनच्या वेगवेगळ्या भागातली खरी जुनी घरं सुटी करून, आणून, परत उभी केली आणि आत जिवंत माणसं त्या वेषात काम करताना ठेवली. आपल्याकडे गोव्यात बाणावलीला गोवा चित्र आहे, व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी पाडलेल्या घरांतून, अडगळीतून गोळा केलेली शेतीची आणि कारागिरांची खरी अवजारं तिथे आहेत. म्हणजे दोन वाटा झाल्या, एक खरी वस्तू ठेवायची, दुसरी खोटी पण चालती-बोलती वाटेल अशी माणसं करायची. कणेरी दुसऱ्या वाटेचं. पूर्वी मला वाटायचं की खरी वस्तू म्हणजेच म्युझियम, हे सिमेंटचं म्हणजे गणपतीतला देखावा. पण काचेमागच्या खऱ्या पटाशीसमोर अण्णा दोन मिनिटं थांबतील, पुण्यात केळकर म्युझियममध्ये नेलं होतं तेव्हा तसंच झालं. इथे माणूस बसलेला दिसला, त्याचा पाय दिसला, म्हणून बोलायला लागले. मग माझ्यासारखीला कुठलं जास्त उपयोगी? माझं मत अजून पक्कं नाही. गोव्याला त्यांना घेऊन जायचंय, मग सांगते.

मठाच्या परिसरात अजून बऱ्याच गोष्टी आहेत, गोशाळा आहे, हॉस्पिटल आहे, एका एकरात शंभरावर पिकं घेणारी लखपती शेती आहे जी शेतकऱ्यांनी आवर्जून बघावी अशी आहे, पोरांसाठी आरसे-बिरसे, शो वगैरे. आमच्याकडे त्यातलं फारसं काही झालं नाही, वेळच नव्हता.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, उघड्यावर आहे सगळं, दहानंतर ऊन तापायला लागतं आणि चालणं भरपूर आहे. टोपी, पाणी, पायात बरी चप्पल. पावसाळ्यात हिरवंगार दिसत असेल पण माती निसरडी असणार. शनिवार-रविवार आणि सहलींचा सीझन टाळा, एका वेळी तीन शाळांची पोरं आली की कुंभारापर्यंत पोचताच येत नाही. गाईडपेक्षा घरातलं सत्तरीच्या पुढचं माणूस न्या, शेती केलेलं किंवा हाताने काही काम केलेलं. गुडघे दुखत असतील तर मध्ये मध्ये बसायला सावली आहे. फक्त जेवणाची वेळ आधी ठरवू नका. आम्ही एक वाजता कोल्हापुरात मटणाच्या खानावळीत पोचायचं ठरवलं होतं, पोचलो साडेतीनला, पांढरा रस्सा संपला होता आणि आई अजून अण्णांशी नीट बोलत नाहीये.